जुना मायटर बॉक्स आणि हातकरवत : शोधण्यापासून पहिल्या अचूक कापापर्यंत

न्यू जर्सीत भाड्याच्या घरात राहत असताना मंडळाच्या गणपतीच्या मखरासाठी २४ लहान लाकडी चौकटी करण्याचे काम मी अंगावर घेतले आणि पहिल्याच संध्याकाळी लक्षात आले, की रात्री विजेची करवत चालवणे खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या सहनशक्तीपलीकडचे आहे. म्हणून एका गॅरेज सेलमध्ये २५ डॉलरला स्टॅन्लीचा जुना मायटर बॉक्स घेतला. तो कामाला लावण्यात पुढचे ७ महिने गेले आणि मखर त्या वर्षी थर्माकोलचेच झाले. त्या ७ महिन्यांतले निदान ५ महिने निव्वळ अज्ञानात वाया गेले. तुमचे तसे जाऊ नयेत, म्हणून हा लेख क्रमवार लिहिला आहे.

मायटर बॉक्स म्हणजे लाकडाची पट्टी ठरलेल्या कोनात कापता यावी म्हणून करवतीला दोन खांबांमध्ये सरळ धरून ठेवणारे बिडाचे बैठे साधन. फोटोच्या चौकटीचे कोपरे, भिंतीच्या तळाची पट्टी, देव्हाऱ्याची कड, अशा जिथे दोन पट्ट्या ४५ अंशांत एकमेकींना मिळतात त्या प्रत्येक ठिकाणी त्याचा उपयोग होतो. त्यात चालणारी करवत लांब, आयताकृती आणि पाठीवर पोलादी पट्टी बसवलेली असते. या पट्टीमुळे पातळ पाते वाकत नाही. बॉक्स आणि करवत ही जोडी आहे हे सुरुवातीलाच लक्षात ठेवा, कारण बाजारात ती बहुतेक वेळा तुटलेली मिळते.

१. आधी काय शोधायचे ते ठरवा

अमेरिकेत चांगले बॉक्स मोजक्याच कारखान्यांतून निघत. कनेटिकटमधील न्यू ब्रिटन येथील स्टॅन्ली, मॅसॅच्युसेट्समधील मिलर्स फॉल्स कंपनीचे ‘लँगडन’ या नावाचे बॉक्स आणि त्याच राज्यातील ग्रीनफील्डचे गुडेल ही तीन नावे नवख्याला पुरेशी आहेत. स्टॅन्लीच्या क्रमांकांपैकी २४६ हा घरगुती कामाला सोयीचा असून त्याला २६ इंच लांब व ४ इंच रुंद करवत लागते. ३५८ हा त्याहून मोठा आहे आणि त्याला २८ इंच लांब, ५ इंच रुंद करवत लागते. ही रुंदी पाठीच्या पट्टीखालची मोजायची असते. माझी पहिली चूक इथेच झाली. बॉक्स ५ इंची करवतीचा होता आणि मी स्वस्त मिळाली म्हणून ४ इंची करवत आणली, ती लाकडाच्या पट्टीच्या तळापर्यंत पोहोचेचना.

करवतीत डिस्टन हे नाव सर्वाधिक दिसते. हेन्री डिस्टन यांनी १८४० मध्ये फिलाडेल्फियात हा कारखाना सुरू केला, पुढे तो शहराच्या टॅकोनी भागात गेला आणि १९५५ मध्ये कुटुंबाच्या हातून दुसऱ्या कंपनीकडे गेला. स्टॅन्लीच्या बॉक्सबरोबर विकल्या जाणाऱ्या करवतीही डिस्टनकडे बनत. फिचबर्गचे सायमंड्स आणि इंडियानापोलिसचे ॲटकिन्स हेही तोडीचे कारखाने होते आणि डिस्टनच्या नावाला भाळणाऱ्या गर्दीमुळे त्यांच्या करवती अनेकदा स्वस्तात मिळतात.

मुठीवरच्या पितळी चकतीवरून काळ ओळखता येतो. डिस्टनच्या चकतीवर ‘फिला’ असे शहराचे संक्षिप्त नाव असेल तर ती साधारण १८९६ ते १९१७ या काळातली आणि ‘यूएसए’ असेल तर त्यानंतरची. चकतीवर केवळ ‘वॉरंटेड सुपीरियर’ असे शब्द आणि गरुड असेल तर त्यावरून कारखाना ठरवू नका, कारण अशा चकत्या अनेक कारखाने वापरत. विक्रेता त्या शब्दांकडे बोट दाखवून भाव वाढवू लागला, तर शांतपणे पुढच्या टेबलाकडे जावे.

२. कुठे शोधावे

मॅसॅच्युसेट्समधील ब्रिमफील्डचा मोठा जुना बाजार मे, जुलै आणि सप्टेंबरमध्ये भरतो. न्यू जर्सीकरांना लॅम्बर्टव्हिलचा गोल्डन नगेट बाजार जवळ पडतो. याहून चांगला मार्ग म्हणजे जुन्या हत्यारांच्या संग्राहकांच्या संस्था. न्यू जर्सीत ‘क्राफ्ट्स’ नावाची संस्था आहे आणि देशपातळीवर मिड-वेस्ट टूल कलेक्टर्स असोसिएशन आहे. त्यांच्या मेळाव्यांतले विक्रेते दोष लपवत नाहीत, आणि करवत कशी पाहायची हे विचारले तर अर्धा तास उत्साहाने समजावतात. घरातल्या वृद्धाच्या निधनानंतर होणाऱ्या इस्टेट सेलमध्ये तळघर आणि गॅरेज आधी पाहावे, कारण दागिने आणि फर्निचर पाहणारी गर्दी तिथे उशिरा उतरते.

ऑनलाइन खरेदीत सापळा वजनाचा आहे. हा बॉक्स बिडाचा असल्याने टपालखर्च पुष्कळदा किमतीहून अधिक होतो, आणि बीड आपटले तर वाकत नाही, थेट तुटते. माझा दुसरा बॉक्स वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवला गेला होता आणि पोहोचला तेव्हा त्याचा एक पाय खोक्यात वेगळा खुळखुळत होता. विक्रेत्याला खांब आणि फिरता हात काढून, प्रत्येक भाग वेगळा बांधून पाठवायला आधीच लिहून सांगा.

महाराष्ट्रातल्या वाचकांना असे बॉक्स क्वचित दिसतील, पण पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात चांगली जुनी करवत डोळ्यांसमोर आली, तर खालच्या पायऱ्या जशाच्या तशा लागू पडतात. अमेरिकेतून करवत घरी नेणार असाल तर ती चेक-इन सामानातच ठेवा आणि दातांवर पुठ्ठ्याची घडी बांधा, कारण बॅग उघडून तपासणाऱ्याला आत काय आहे हे ठाऊक नसते.

३. हातात घेतल्यावर काय पाहावे

गंज पाहून घाबरू नका. वरवरचा तपकिरी गंज एका दुपारचे काम आहे. हरवलेला भाग आणि वाकलेले पाते मात्र तुमचे महिने खातात.

करवत डोळ्यांसमोर धरून, एक डोळा मिटून, दातांच्या रेषेवरून बंदुकीचा नेम धरावा तशी पाहा. संपूर्ण पात्याला सलग हलका बाक असेल तर तो निघू शकतो. एकाच जागी कोपरा मोडल्यासारखा पीळ दिसला, तर नवख्याने ती करवत घेऊ नये. पाठीच्या पट्टीच्या करवतीत हा बाक पुष्कळदा पट्टी सरकल्यामुळे येतो. दुमडलेली पट्टी पात्याला केवळ पकडीने धरून असते. पाते लाकडी जबड्यांत धरून, पट्टी टोकाकडे आणि मुठीकडे लाकडी हातोडीने किंचित वर उचलून पुन्हा खाली बसवली, की ताण सुटून पाते अनेकदा सरळ होते. हे पहिल्यांदा जमले तेव्हा मी ती करवत उगाचच दहा वेळा डोळ्यांसमोर धरून पाहिली.

मग गंजाची जात पाहा. नखाला खड्डे लागत असतील आणि ते दातांच्या जवळ असतील, तर धार लावताना दात खड्ड्याच्या जागी ठिसूळ निघतो. दातांची रेषा मधोमध खाली गेलेली असेल किंवा एक मोठा दात आणि एक लहान दात अशी आळीपाळी दिसत असेल, तर आधीच्या मालकाने घाईने कानस मारली आहे. ते सुधारता येते, पण पहिल्या करवतीवर नको.

बॉक्सच्या बाबतीत मोजणी करा. पुढचा आणि मागचा खांब, खांबांतील करवतीच्या खाचा, करवत वर अडकवून ठेवणाऱ्या खुंट्या, फिरता हात, त्याला ठरलेल्या कोनाच्या खाचेत अडकवणारी दाबकळ, कोनांची कमान आणि लांबीची अटक (सारख्या लांबीचे तुकडे कापताना पट्टीचे टोक टेकवायचा आधार) हे सर्व जागेवर हवे. हरवणारे भाग ठरलेले आहेत : लांबीची अटक, खांबावरच्या खुंट्या आणि अर्थातच करवत. फिरता हात डावीकडून उजवीकडे नेऊन प्रत्येक खाचेत दाबकळ खटकन बसते का आणि बसल्यावर हात हलतो का, हे पाहा. खाच झिजलेली असेल तर पुढची सारी जुळवणी व्यर्थ जाते.

कमानीवर ४, ५, ६, ८, १२, २४ असे अंक दिसले तर ते अंश समजू नका. ते बहुकोनाच्या बाजूंचे अंक आहेत. १८० ला त्या अंकाने भागले की कापाचा कोन मिळतो : चौकटीला ४५, षटकोनाला ३०, अष्टकोनाला साडेबावीस. मी ‘६’ वर लावून सहा अंशांचा काप का येत नाही म्हणून एक अख्खा रविवार घालवला होता.

४. जमवायचे साहित्य

कागदपत्रे लागत नाहीत, एवढे एक सुख. साहित्य मात्र आधी जमवा : २२०, ३२० आणि ४०० क्रमांकाचे ओले-कोरे चालणारे पॉलिश पेपर, त्यांना आधार म्हणून सपाट लाकडी ठोकळा, मिनरल स्पिरिट (रंग पातळ करण्याचे द्रावण), रंग खरवडण्याची पाती, काटकोन तपासायला विश्वासाचा गुण्या, पाते धरायला शेगडा (व्हाइस) आणि त्यात बसणाऱ्या दोन लाकडी पट्ट्या, एक सपाट कानस, दोन तिकोनी कानशी, दात वाकवण्याचे हत्यार, जवसाचे उकळलेले तेल आणि मेण. दात वाकवण्याच्या हत्यारात स्टॅन्लीचे ४२एक्स आणि शेफील्डचे एक्लिप्स ७७ ही दोन जुनी हत्यारे आजही सहज मिळतात. तिकोनी कानस नवीनच घ्या. जुन्या कानशीत वाचलेले पैसे दातांवरून वसूल होतात.

५. मूठ सोडवणे

मुठीचे पितळी स्क्रू मऊ असतात. त्यांच्या खाचेत नीट भरणारा स्क्रूड्रायव्हर हवा, लहान पडला तर खाचेचे काठ फाटतात. फार जुन्या करवतींत घुमटाकार नटाऐवजी मधोमध चिरलेला सपाट नट असतो आणि त्यातून स्क्रूचे टोक वर आलेले असते. त्यासाठी जुन्या रुंद स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला कानशीने मधोमध खाच पाडून घ्यावी लागते. तेवढे दहा मिनिटांचे काम टाळून मी पक्कड लावली आणि पहिलाच नट मोडला.

नट निघाले तरी मूठ लगेच निघत नाही. ओढाताण केली तर मुठीचे टोकदार शिंग तुटते. मूठ हलकेच मागेपुढे हलवत पाते सरळ रेषेत बाहेर काढा आणि कोणता स्क्रू कोणत्या भोकातला, हे पुठ्ठ्यावर खोचून ठेवा.

६. पात्याचा गंज काढणे

पात्यावर कारखान्याचे नाव व चित्र आम्लाने कोरलेले असते आणि ते अत्यंत उथळ असते. तारेचा फिरता ब्रश किंवा ड्रिलला लावलेली चकती लावली, तर ते एका मिनिटात कायमचे जाते. म्हणून पॉलिश पेपर नेहमी सपाट ठोकळ्यावर गुंडाळून, मिनरल स्पिरिट शिंपडून, पात्याच्या लांबीच्या दिशेने चालवा. ठोकळा सपाट असल्याने पेपर खोलगट अक्षरांत उतरत नाही आणि काळी अक्षरे उजळ पोलादावर आपोआप उठून दिसू लागतात. एका करवतीवर राखाडी चिखल पुसता पुसता आधी ‘फिलाडेल्फिया’तला शेवटचा ‘ए’ दिसला आणि मग एकेक अक्षर उलट्या क्रमाने वर आले. २२० ने सुरुवात फक्त कोऱ्या भागावर करावी, अक्षरांवर थेट ३२०. पाते आरशासारखे करण्याचा हट्ट धरू नका, चार ठिकाणी काळे डाग राहिले तरी करवत तितकीच कापते.

गंज विरघळवणारे इव्हॅपोरस्टसारखे द्रावण बॉक्सच्या साध्या लोखंडी भागांसाठी उत्तम आहे. कोरलेले नाव असलेले पाते मात्र त्यात रात्रभर ठेवू नये, कारण पोलाद राखाडी पडून अक्षरे पुसट होतात. विजेच्या प्रवाहाने गंज काढण्याची रीतही प्रसिद्ध आहे. ती वापरायची असेल तर मोकळ्या हवेत वापरा, कारण त्यात हायड्रोजन वायू सुटतो, आणि स्टेनलेस स्टीलचा तुकडा त्यात कधीही लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम द्रावणात उतरते.

७. मुठीची दुरुस्ती

चांगल्या करवतींच्या मुठी सफरचंदाच्या लाकडाच्या आणि स्वस्त करवतींच्या बीच झाडाच्या असत. मूळ चकाकी शाबूत असेल तर मिनरल स्पिरिटने मळ पुसून तेलाचा पातळ हात द्यावा, तासून नवे रूप देऊ नये, कारण शंभर वर्षांच्या हातांनी मऊ झालेली कड पॉलिश पेपरने पुन्हा येत नाही. शिंग तुटले असेल तर तुटका भाग रंध्याने सपाट करून, रेषा जुळणारा लाकडाचा तुकडा चिकटवून, मग कानशीने आकार द्यावा.

तेलाने भिजलेल्या चिंध्यांबाबत सक्त सूचना आहे. जवसाचे उकळलेले तेल वाळताना उष्णता सोडते आणि चिंध्यांचा बोळा आपोआप पेटू शकतो. त्या चिंध्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. दोरीवर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

८. दातांना धार

इथे घाई करू नका. आधी दात मोजा. फुटपट्टीचे शून्य एका दाताच्या टोकावर ठेवून एका इंचातील टोके दोन्ही कडांसह मोजली की जो अंक येतो, तोच बहुधा मुठीजवळ पात्यावर ठोकलेला असतो. मायटर बॉक्सच्या करवतीत तो सहसा ११ असतो. मधल्या खाचा मोजल्या तर अंक एकाने कमी भरतो. कानस मागवताना हा गोंधळ हमखास होतो. कानशीची निवड अशी करावी, की दाताची उंची कानशीच्या एका बाजूच्या निम्म्याहून थोडी कमी भरेल. तसे झाले तर कानशीच्या तीनही कडा आळीपाळीने पूर्ण वापरता येतात. ११ टोकांना ६ इंची, अगदी सडपातळ जातीची तिकोनी कानस चालते.

माझा आग्रह असा, की पहिला हात उभ्या चिरकामाच्या, म्हणजे लाकडाच्या रेषांच्या दिशेने कापणाऱ्या, करवतीवर बसवा. तिचे दात मोठे, इंचाला पाच ते सात असतात आणि कानस पात्याशी सरळ काटकोनात धरायची असते. मायटरची करवत आडव्या कापाची असल्याने तिच्या दातांना दोन्ही बाजूंनी तिरकी, सुरीसारखी धार लागते आणि तिथे चूक लगेच दिसते.

पाते शेगड्यात लाकडी पट्ट्यांमध्ये असे धरा, की दात जेमतेम एक-अष्टमांश इंच वर राहतील. अधिक वर राहिले तर पाते थरथरते आणि कानस किंचाळते. प्रथम सपाट कानस दातांच्या टोकांवरून मुठीपासून टोकापर्यंत हलकेच सरकवा, जोवर प्रत्येक दाताच्या माथ्यावर लहानसा चकाकता ठिपका दिसत नाही. हे ठिपके तुमचे मार्गदर्शक आहेत, म्हणून दिवा समोरून आणि खालून लावा.

मग दात एकाआड एक डावीकडे आणि उजवीकडे वाकवा. याला सेट देणे म्हणतात. सेटमुळे काप पात्याहून किंचित रुंद पडतो आणि करवत अडकत नाही. दाताचा फक्त वरचा अर्धा भाग वाकवावा, मुळापासून वाकवला तर तो मोडतो. हत्यारावरच्या चाकावर अंक असतात आणि ११ टोकांना ११ वर लावावे असे वाटते. तसे केल्यास सेट जास्त पडतो, म्हणून सर्वांत बारीक दातांच्या, म्हणजे सर्वांत मोठ्या, अंकापासून सुरुवात करा. आधीच वाकलेला दात उलट्या बाजूला वाकवू नका. प्रत्येक एकाआड एक दातावर मार्करने ठिपका दिल्यास ही चूक टळते.

शेवटी धार. आडव्या कापासाठी दाताची पुढची कड उभ्या रेषेपासून सुमारे १५ अंश मागे झुकलेली हवी आणि कानस काटकोनापासून सुमारे २० अंश तिरकी धरावी. शेगड्यावर त्या कोनाच्या रेषा पेन्सिलने आखलेली पट्टी ठेवली की डोळ्यांना आधार मिळतो. एक खाच सोडून एक खाच घ्या, प्रत्येकीत कानशीचे सारखेच, म्हणजे दोन किंवा तीन, झटके पुढे ढकला आणि परत आणताना कानस उचला. चकाकता ठिपका निम्मा उरला की थांबा. करवत उलटी फिरवून उरलेल्या खाचा घेतल्या की ठिपका संपतो. ठिपका संपल्यानंतर मारलेला प्रत्येक झटका दात बुटका करतो.

आता मऊ लाकडावर रेघ आखून कापून पाहा. करवत एका बाजूला ओढत असेल तर त्या बाजूचा सेट अधिक आहे. त्या बाजूच्या दातांवरून बारीक धारदगड सपाट धरून एकदाच फिरवा आणि पुन्हा कापून पाहा. दोनदा फिरवण्याचा मोह आवरा.

९. बॉक्स साफ करून जुळवणे

जुन्या रंगाची पापुद्री कोरडी घासू नका. अमेरिकेत घरगुती रंगांतील शिशावर बंदी १९७८ मध्ये आली आणि मधल्या मालकाने त्याआधीचा रंग फासलेला असू शकतो. रंग तपासण्याचे पट्टे दुकानात मिळतात. शिसे निघाले तर ओले करून खरवडा, मास्क लावा आणि मुलांना दूर ठेवा.

तळाचा लाकडी पाट जवळजवळ नेहमीच चिरांनी भरलेला असतो. तो बदला. नवा पाट मूळ जाडीचाच घ्यावा आणि त्याचे स्क्रू करवतीच्या वाटेपासून दूर ठेवावेत. खोलीची अटक अशी लावा, की दात पाटात केसभरच उतरतील.

जुळवणीत क्रम पाळा. प्रथम गुण्या पाटावर उभा ठेवून पाते उभ्या रेषेत आहे का पाहा आणि खांबांतील खाचा घट्ट-सैल करून ते साधा. मग ९० अंशाची परीक्षा घ्या. रुंद फळी कापा, एक तुकडा उलटा करा आणि दोन्ही कापलेल्या कडा सरळ पट्टीवर भिडवा. मध्ये दिसणारी फट चुकीच्या दुप्पट असते, त्यामुळे गुण्याला न दिसणारी चूकही दिसते.

४५ अंशाची परीक्षा पूर्ण चौकट करूनच घ्यावी, कारण तीत आठ काप असतात आणि प्रत्येकात पाव अंशाची चूक असेल तर शेवटच्या कोपऱ्यात दोन अंशांची फट उघडते. मात्र फट दिसली की लगेच कोनाचे स्क्रू फिरवू नका. समोरासमोरच्या पट्ट्या एकमेकींशेजारी उभ्या करून लांबी तपासा. पुढच्या वर्षीच्या मखराच्या पहिल्या चार चौकटी उघड्या राहिल्या, तेव्हा मी दोन रात्री कोन जुळवत बसलो होतो. दोष लांबीचा होता. माझ्या बॉक्सची लांबीची अटक आधीच्या मालकाकडेच राहिली होती, म्हणून पाटावर एक लाकडी ठोकळा क्लॅम्पने आवळला. त्यानंतरच्या २० चौकटी बंद झाल्या, आणि त्या चार मूर्तीच्या मागच्या बाजूला लावल्या.